‘तिचं कंडिशनिंगच तसं आहे!’

आपल्या चळवळीत काही शब्द इतके रुळले आहेत की ते वापरताना आता कुणी थांबत नाही. ‘कंडिशनिंग’ हा त्यातला एक. शिबिरात, बैठकीत, पथनाट्याच्या तालमीत मधल्या चहाच्या वेळी तो हमखास येतो. मुलगी भातुकली खेळते ते कंडिशनिंग, सून सगळ्यांच्या शेवटी जेवते ते कंडिशनिंग, विधवा बाई हळदीकुंकवाला आपणहून मागे बसते तेही कंडिशनिंगच. मानसशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत याला ‘अभिसंधान’ म्हणतात, पण तो शब्द पुस्तकाबाहेर कधी आलाच नाही. आपण इंग्रजी शब्द उचलला आणि त्याला अर्थ मात्र दिला तो आपल्या जुन्या ‘संस्कार’ या शब्दाचा, फक्त चिन्ह उलटं करून. आजीच्या तोंडी संस्कार म्हणजे सगळं चांगलं, आपल्या तोंडी कंडिशनिंग म्हणजे सगळं वाईट.

याला माझा विरोध नाही. बाई जन्माला येत नाही, घडवली जाते हे समजावून सांगायला तो शब्द उपयोगी पडला. माझी तक्रार वेगळी आहे. समुपदेशन केंद्रात हाच शब्द उसासा टाकून उच्चारला जातो आणि त्यानंतर फाइल मिटते. चौथ्यांदा मार खाऊन आलेली बाई पुन्हा नवऱ्याकडे गेली की आपल्यातलीच कुणीतरी म्हणते, ‘काय करणार, तिचं कंडिशनिंगच तसं आहे.’ पोलीस ठाण्यातला हवालदार हेच ‘बाईलाच सवय झालीय, मॅडम’ अशा शब्दांत सांगतो. त्याचं वाक्य आपल्याला झोंबतं, आपलं मात्र अभ्यासपूर्ण वाटतं. बाईच्या बाजूने पाहिलं तर दोन्हींचा निकाल एकच लागतो : हिचं काही होणार नाही.

म्हणून हा शब्द ज्या प्रयोगशाळांतून आला तिथे त्याचा अर्थ काय आहे, ते एकदा नीट पाहावं असं मला वाटतं. तिथे तो बराच नेमका आहे. कशामागून काय येतं हे शरीर शिकतं, एवढाच तो अर्थ. आणि हे शिकणं मेंदूत कसं होतं, कसं टिकतं, त्यावर नवं शिक्षण कसं बसतं याबद्दल गेल्या काही दशकांत जे समजलं आहे, त्याचा आपल्या रोजच्या कामाशी थेट संबंध आहे.

पाव्हलॉव्हचा कुत्रा सगळ्यांना माहीत असतो. घंटा वाजली की अन्न मिळतं. काही दिवसांनी नुसत्या घंटेने तोंडाला पाणी सुटतं. इव्हान पाव्हलॉव्ह मुळात पचनक्रियेचे अभ्यासक, १९०४ चं नोबेल पारितोषिक त्यांना त्याच कामासाठी मिळालं. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला हे प्रकरण एका तासात उरकून दिलं गेलं आणि परीक्षेपुरती एक टीप पाठ झाली. त्या टिपेत नव्हती ती हकिकत मी पुष्कळ नंतर वाचली. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला. प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी चढलं आणि अगदी शेवटच्या क्षणी त्यांना बाहेर काढण्यात आलं. नंतर असं दिसलं की काही कुत्री इतक्या मेहनतीने शिकवलेलं सगळं हरवून बसली होती. हळूहळू ते शिक्षण परत आलं, कुत्री पूर्वीसारखी झाली असं वाटलं. मग एकदा प्रयोगाच्या खोलीत दाराखालून पाण्याची बारीक धार सोडली. कुत्रं कमालीचं अस्वस्थ झालं आणि शिकलेलं पुन्हा नाहीसं झालं. बाहेर पूर नव्हता, पाणी पंजा भिजण्यापुरतंसुद्धा नव्हतं.

दाराखालून येणारी ही पाण्याची धार आपल्या केंद्रात रोज येते. कुणाला स्कूटर स्टँडवर लावल्याचा आवाज, कुणाला जिन्यावरच्या चपलांचा, कुणाला पट्ट्याचं बक्कल वाजल्याचा. एका बाईच्या नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. रात्री शेजारच्यांच्या दाराची कडी वाजली की तिचे हात आपोआप डोक्यावर जात. ती म्हणाली, ‘मला कळतं ना ताई, तो मेलाय. हातांना नाही कळत.’ अशिक्षित बाईचं बोलणं म्हणून ऐकून सोडून द्यावं असं ते वाक्य नाही. शास्त्राच्या दृष्टीने ते अगदी काटेकोर आहे.

स्वित्झर्लंडमधले डॉक्टर एदुआर क्लापारेद यांनी १९११ मध्ये एका रुग्ण स्त्रीबद्दल लिहिलं आहे. तिची नवी स्मरणशक्ती पूर्ण गेली होती; रोज भेटणारे डॉक्टर तिला रोज परके वाटत. एक दिवस त्यांनी हस्तांदोलन करताना बोटांत टाचणी लपवून तिला टोचली. (तिला विचारून नव्हे, हे सांगायलाच नको. या शास्त्राचा इतिहास अशा न विचारता टोचलेल्या टाचण्यांनी भरलेला आहे.) पुढच्या वेळी तिने डॉक्टरांना ओळखलं नाही, टोचलेलं तिला आठवत नव्हतं, पण त्यांनी हात पुढे करताच तिने आपला मागे घेतला. का, असं विचारल्यावर तिला कारण सांगता येईना. कधीकधी लोकांच्या हातात टाचण्या असतात, एवढंच ती म्हणू शकली.

स्मृती एक नसते, निदान दोन तरी असतात, हे यातून दिसलं. त्या मेंदूत कुठे असतात याचा बराच उलगडा पुढे झाला. कानशिलाच्या आत खोलवर बदामाएवढा एक भाग आहे, ग्रीक भाषेतल्या बदामावरूनच त्याला अमिग्डाला हे नाव पडलं. त्याला लागून समुद्रघोड्यासारख्या आकाराचा हिप्पोकॅम्पस. धोका कशामागून येतो हे अमिग्डाला शिकतो आणि शरीराला तयार करतो : छाती धडधडते, तळव्यांना घाम येतो, अंग आखडतं. हिप्पोकॅम्पस जपतो तो प्रसंग : कुठे, केव्हा, आधी काय आणि नंतर काय. १९९५ मध्ये अमेरिकेत तीन रुग्णांवर एक अभ्यास झाला. एकाचा अमिग्डाला निकामी होता, दुसऱ्याचा हिप्पोकॅम्पस, तिसऱ्याचे दोन्ही. त्यांना रंगीत चित्रं दाखवली आणि एका ठरावीक रंगानंतर कर्कश भोंगा वाजवला. पहिला रुग्ण कोणत्या रंगानंतर भोंगा वाजतो ते बिनचूक सांगत होता, पण तो रंग आला तरी त्याच्या तळव्याला घाम येत नव्हता. दुसऱ्याच्या तळव्याला घाम येत होता, रंग मात्र सांगता येत नव्हता. तिसऱ्याला दोन्ही जमत नव्हतं.

न्यूयॉर्कचे जोसेफ लेडू यांनी उंदरांवर वर्षानुवर्षं काम करून आणखी एक गोष्ट दाखवली. कानावर आलेला आवाज अमिग्डालाकडे दोन वाटांनी जातो. एक लांबची, तिच्यावर आवाज कसला आहे याची छाननी होते. दुसरी जवळची, जी छाननीसाठी थांबत नाही. पुढे लेडूंनीच असंही बजावलं की अमिग्डालाला ‘भीतीचं केंद्र’ म्हणू नका. भीती ही जाणीव आहे, आणि हे यंत्र जाणिवेच्या आधीच धोक्याला उत्तर देऊन मोकळं होतं. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. ‘घाबरट आहे’ हा स्वभावाचा शेरा आहे. कडीच्या आवाजाने हात डोक्यावर जाणं हा स्वभाव नव्हे.

आता पोलीस ठाणं आणि कोर्ट यांच्याकडे वळू. तिथे बाईकडे कोणती स्मृती मागितली जाते? तारीख, वार, वेळ, क्रम. पहिल्यांदा मारलं ते कधी? कशाने? दिवाळीच्या आधी की नंतर? बारा वर्षं मार खाल्लेल्या बाईला यातलं काही धड सांगता येत नाही. पण जेवणाचं ताट कोणत्या बाजूने भिरकावलं गेलं ते तिची मान वळवून ती दाखवते. ताटाचा रंग सांगते, तारीख सांगत नाही. लेखनिकाला तारीख हवी असते. शस्त्र समोर असेल तर साक्षीदाराची नजर शस्त्रावर खिळते आणि ते धरणाऱ्याचा चेहरा अंधुक राहतो, हे एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रयोगाने दाखवलं होतं. चेहरा सांगता आला नाही म्हणजे घडलंच नाही, हा युक्तिवाद तरीही चालूच असतो.

आपल्याकडे याची सर्वांत मोठी किंमत मोजली गेली ती मथुरा प्रकरणात. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. भीतीपोटी निमूट होणं म्हणजे संमती नव्हे, असं म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवलं होतं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिलं. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही. प्रतिकार नाही, म्हणजे संमती. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, आणि बलात्कारविरोधी मोहीम देशभर उभी राहिली, हा इतिहास या अंकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

पण त्या निकालामागचं गृहीतक शरीरशास्त्रानेही खोटं ठरवलं आहे, हे मात्र आपण पुरेसं सांगत नाही. धोक्याला शरीर पळून किंवा झुंजून उत्तर देतं हे अर्धंच खरं. पळणं आणि झुंजणं दोन्ही अशक्य असेल तेव्हा अंग थिजतं, आवाज फुटत नाही. हे ठरवून होत नाही. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या उपचारांसाठी आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ७० टक्के स्त्रियांनी त्या वेळी अंग लक्षणीय प्रमाणात थिजल्याचं सांगितलं. म्हणजे ज्या बाईच्या अंगावर ओरखडा नाही, ती अपवाद नाही, बहुसंख्य आहे. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं मानता येणार नाही, हे आपल्या कायद्यात आलं ते २०१३ च्या दुरुस्तीने. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे. कागदावर आलं आहे. उलटतपासणीत अजून ‘तुम्ही ओरडलात का नाही?’ हा प्रश्न सुटत नाही.

इथे एक सावधगिरीही बाळगायला हवी, नाहीतर हेच शास्त्र आपल्यावर उलटेल. जबानीत विसंगती आहे, म्हणजे तिच्या मेंदूवर आघात झाला आहे, म्हणजे ती खरंच बोलते आहे, असा सरळसोट हिशेब काही उत्साही कार्यकर्त्या मांडतात. तो टिकत नाही. विसंगती खोटेपणाचा पुरावा नाही, तशीच ती खरेपणाचाही पुरावा नाही. आणि स्मृती काही कपाटात ठेवलेली वही नव्हे. लॉफ्टस आणि पामर यांच्या १९७४ च्या प्रयोगात लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. नंतर ‘गाड्या आदळल्या तेव्हा वेग किती होता’ असं विचारलं तर उत्तर एक आलं, ‘धडकल्या तेव्हा’ असं सौम्य विचारलं तर कमी आलं. एका शब्दाने फरक पडला. २००० साली लेडूंच्याच प्रयोगशाळेत करीम नादर यांनी उंदरांवर दाखवलं की जुनी, पक्की बसलेली भीतीची स्मृतीही आठवली गेली की काही काळ पुन्हा कच्ची होते आणि तिला नव्याने बसावं लागतं.

मग विचार करा, आपण एका बाईला तिची हकिकत किती वेळा सांगायला लावतो. आधी वस्तीतल्या कार्यकर्तीला, मग केंद्रात नोंद करणारीला, मग समुपदेशकाला, मग पोलिसांना, मग डॉक्टरांना, मग वकिलांना. प्रत्येक जण आपापल्या शब्दांत विचारतो. ‘ढकललं की मारलं?’ या प्रश्नात दोन पर्याय आयते दिलेले असतात. तिसरं काही घडलं असेल तर त्याला जागा नसते. सातव्या वेळी तिची हकिकत आपल्याच प्रश्नांसारखी दिसू लागते. पहिल्या वेळची तिच्या स्वतःच्या बोलीतली हकिकत कुणीच लिहून ठेवलेली नसते, आणि पुढे कोर्टात ‘आधी असं म्हणाला नव्हतात’ हे तिला ऐकावं लागतं. बलात्कारित स्त्रीचा जबाब तिच्या घरी किंवा तिने सांगितलेल्या जागी, शक्यतो स्त्री पोलीस अधिकाऱ्याने, तिचे पालक, जवळचे नातेवाईक किंवा त्या भागातील सामाजिक कार्यकर्ता यांच्या उपस्थितीत घ्यावा, ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २००८ च्या दुरुस्तीने आली आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. म्हणजे कायदाच आपल्याला तिथे बसायला सांगतो आहे. आपण बहुधा बाहेरच्या बाकावर बसतो.

आता तो नेहमीचा प्रश्न : ती परत का जाते?

‘कंडिशनिंग’ म्हणताना आपण धरून चालतो की कधीतरी ते पुसलं जाईल. जाणीवजागृती झाली की ‘डीकंडिशनिंग’ होईल. प्रयोगशाळेतला अनुभव याच्या उलट आहे. घंटा वाजवत राहिलं आणि अन्न दिलंच नाही, तर लाळ हळूहळू थांबते. मात्र काही काळ मध्ये जाऊ दिला की पुन्हा सुटते, हे खुद्द पाव्हलॉव्हनीच पाहिलं होतं. जुनं शिक्षण पुसलं जात नाही. ‘आता धोका नाही’ असं नवं शिक्षण त्याच्या शेजारी बसतं. आणि हे नवं शिक्षण जागेला फार चिकटून असतं. व्हरमाँटच्या मार्क बाउटन यांच्या प्रयोगांत उंदीर एका पेटीत घाबरायला शिकले, दुसऱ्या पेटीत त्यांची भीती घालवली; पहिल्या पेटीत परत ठेवताच भीती हजर.

आश्रयगृहात तीन महिन्यांत फुललेली, मोठ्याने हसायला लागलेली बाई घरच्या उंबऱ्यावर पाय ठेवताच पुन्हा खाली मान घालते, तेव्हा आपण खट्टू होतो. आपली सगळी मेहनत फुकट गेली असं वाटतं. फुकट गेलेली नसते. ती आश्रयगृहाच्या भिंतींना चिकटून राहिलेली असते. तिथली निर्भयता तिथेच शिकली गेली. ज्या स्वयंपाकघरात मार बसला त्या स्वयंपाकघरात बसून तिच्याशी बोलायला आपल्यापैकी किती जणी जातो? आपल्या कामाचं माप टेबलाच्या अलीकडे आणि पलीकडे किती तास बसलो त्यावर ठरतं. गृहभेट म्हणजे अर्जातल्या माहितीची पडताळणी, असंच आपल्या डोक्यात बसलं आहे.

मेरी कव्हर जोन्स या संशोधक बाईंचं नाव यात मुद्दाम घ्यायला हवं. जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी १९२० मध्ये अकरा महिन्यांच्या एका बाळाला पांढऱ्या उंदराची भीती शिकवली, त्याच्या मागे हातोड्याने लोखंडी सळई ठोकून, आणि ती भीती घालवण्याची तसदी न घेता प्रयोग संपवला. वॉटसनचं नाव प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. जोन्सबाईंनी चार वर्षांनी सुमारे तीन वर्षांच्या पीटर नावाच्या मुलाची सशाची भीती घालवून दाखवली; त्यांच्या वाट्याला बऱ्याचदा एखादी ओळ येते. त्यांनी केलं एवढंच : पीटर आवडीचा खाऊ खात असताना ससा दिवसेंदिवस थोडा थोडा जवळ आणला, आणि त्याच्यासोबत सशाला न घाबरणारी दुसरी मुलं बसवली. न घाबरणारी दुसरी मुलं! बचतगटातल्या चार बायका संध्याकाळी एखाद्या घरात नुसत्या येऊन बसतात, तेव्हा तिथे काय होत असतं याचं इतकं साधं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

मात्र पीटरचा ससा निरुपद्रवी होता. आपल्याकडच्या बऱ्याच बायकांचा ‘ससा’ चावतो. जो नवरा आजही मारतो आहे, त्याच्या पावलांच्या आवाजाने छातीत धडधडणं हा आजार नव्हे, तो अचूक अंदाज आहे. त्या बाईला ‘भीती सोड’ म्हणून समुपदेशन करणं म्हणजे तिचं एकुलतं शस्त्र काढून घेणं. आधी धोका हटवायचा, भीतीचं नंतर. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यातल्या कलम १९ खाली नवऱ्यालाच घराबाहेर जाण्याचा आदेश मागता येतो. तो आपण किती कमी वेळा मागतो! बाईनेच बोचकं उचलून आश्रयगृहात जायचं, हे आपल्याही अंगवळणी पडलं आहे.

परत जाण्यामागे आणखी एक गोष्ट असते. दर वेळी मार बसला असता तर ती कदाचित कधीच निघून गेली असती. पण मधूनच गजरा येतो, मधूनच तो रडून पाया पडतो, मुलाच्या वाढदिवसाला स्वतः केक आणतो. बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतली कबुतरं दर टोचीला दाणा मिळत असेल तर दाणे बंद होताच लवकर थांबत. कधी मिळतो, कधी नाही, असं असेल तर दाणे बंद झाल्यावरही फार काळ टोचत राहत. १९८१ मध्ये डटन आणि पेंटर या कॅनडातल्या अभ्यासकांनी मारहाणीच्या नात्यातली घट्ट गुंतवणूक याच अनियमिततेतून समजावून सांगितली. गजऱ्याला भुललेली बाई मूर्ख नव्हे. जुगाराच्या अड्ड्यावर रोज जाणाऱ्या तिच्या नवऱ्याचा मेंदूही हेच करत असतो, फक्त त्याला कुणी ‘सवय झालीय’ म्हणून समुपदेशनाला बसवत नाही.

आणि मग येते ‘शिकलेली असहायता’. १९६७ मध्ये पेनसिल्व्हानिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन, स्टीव्हन मायर आणि त्यांचे सहकारी यांनी कुत्र्यांना असे विजेचे झटके दिले की काहीही केलं तरी ते थांबत नसत. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवलं जिथे नुसती छोटी आडभिंत ओलांडली की सुटका होती. सुमारे दोन तृतीयांश कुत्री उठलीच नाहीत. लेनोर वॉकर यांनी १९७९ च्या आपल्या पुस्तकात ही कल्पना मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांना लावली आणि ती आपल्या प्रशिक्षणांत येऊन बसली. बाई असहायता शिकली, म्हणून ती जात नाही. मला हे कधीच पूर्ण पटलं नव्हतं. आपल्या बायका गप्प बसलेल्या दिसतात तेव्हाही शंभर गोष्टी करत असतात : पैसे डाळीच्या डब्यात लपवतात, मुलीला मावशीकडे पाठवतात, दारू उतरण्याची वेळ ओळखून बोलतात.

पण अधिक महत्त्वाचं हे की २०१६ मध्ये सेलिगमन आणि मायर यांनी स्वतःच लिहिलं, की आपण ते उलटं समजलो होतो. मायर यांनी मध्यंतरी मेंदूच्या आतल्या जोडण्यांवर अनेक वर्षं काम केलं होतं. त्यातून दिसलं ते असं : लांबत गेलेल्या, न टळणाऱ्या त्रासाला थिजून जाणं हे मेंदूचं मूळचंच उत्तर आहे, ते शिकावं लागत नाही. शिकावं लागतं ते दुसरंच : ‘मी काही केलं तर फरक पडतो.’ कपाळामागच्या भागाला हे एकदा समजलं की तो खालून येणारी थिजण्याची आज्ञा दाबून धरतो, पुढच्या त्रासातसुद्धा. म्हणजे बाईने असहायता शिकलेली नसते. तिच्या हाती कधी काही लागूच दिलेलं नसतं. पन्नास वर्षांनी त्याच दोघांनी हे म्हणावं ही मोठी गोष्ट आहे, आणि आपल्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत ती अजून आलेली नाही.

न उठणाऱ्या कुत्र्यांचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. १९६८ मध्ये त्यांना दोरीने ओढून आडभिंतीपलीकडे नेलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. हळूहळू ओढ कमी लागू लागली आणि मग ती आपली आपण जाऊ लागली. अन्न दाखवून, हाका मारून काही झालं नव्हतं. मी हे वाचून लगेच आनंदले नाही, कारण बाईला ओढून न्यायला आपण तसेही उतावीळ असतो. अर्ज आपण लिहायचा, वकील आपण ठरवायचा, ‘आता एफआयआर करूनच टाक’ असं आपण म्हणायचं. २०१६ नंतरच्या समजुतीनुसार उपयोग ओढण्याचा नव्हे. पाय टाकला की झटका थांबतो, हे तिच्या शरीराला पुन्हा पुन्हा कळण्याचा आहे. सासूच्या हातून जाऊन आपल्या हातात आलेला निर्णय तिच्या हातात येत नाही. म्हणून केंद्रात पहिल्या दिवशी बसायचं कुठे, दार उघडं की बंद, आज किती सांगायचं आणि उरलेलं कधी, हे तिने ठरवावं आणि तसंच व्हावं, याला मी औपचारिकता मानत नाही. बँकेत स्वतःच्या नावाचं खातं उघडताना तिच्यासोबत जावं, अर्ज मात्र तिने भरावा, दोन तास लागले तरी.

यावर एका बैठकीत हमखास येणारा प्रश्न आला : मग पुरुषाचंही कंडिशनिंगच ना? त्याचा हात उठतो त्याला तो तरी काय करणार? हात ‘उठतो’ हे क्रियापद मराठीने त्याला आयतंच दिलं आहे, जणू हात आपला आपण वर जातो. पण तो साहेबावर उठत नाही, शेजारी आले की खाली येतो, आणि घरातला टीव्ही क्वचितच फोडतो, बायकोची भांडी फोडतो. हे कडीच्या आवाजाने डोक्यावर गेलेल्या हातांसारखं नाही. मारलं की चहा लगेच येतो, हिशेब विचारला जात नाही, हे तो फळाच्या अनुभवाने शिकला आहे. असं शिकलेलं बदलायचं तर फळ बदलावं लागतं. त्याच्या बालपणाची करुण कहाणी ऐकायला माझी ना नाही. ती संरक्षण आदेश मिळाल्यानंतर ऐकावी.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. बहुतेक केंद्रांच्या केसपेपरवर ‘तक्रारीस विलंब का झाला’ असा रकाना असतो. तो पोलीस ठाण्याच्या नमुन्यावरून आपल्याकडे आला, आणि कुणी काढला नाही. तो काढावा. त्या जागी पहिली हकिकत तिच्याच बोलीत, मध्ये न विचारता, जशीच्या तशी लिहावी. ऐकणारीने आपला प्रश्न विचारलाच तर तो प्रश्नही लिहावा. आवाज, वास, जागा यांच्याबद्दल ती जे बोलते ते गाळू नये. यावर एका सहकारी मैत्रिणीचं म्हणणं असं, की कोर्ट तारखा मागणारच, त्याचं काय? रास्त आहे. त्यासाठी वेगळं पान ठेवावं आणि ते पहिल्या दिवशी भरू नये. नंतर कधीतरी, निवांत बसून, कॅलेंडर बाजूला ठेवून, तिच्या स्वतःच्या खुणांवरून ते भरत जावं : धाकटा पोटात होता तेव्हा, थोरलीची चौथीची परीक्षा, ज्या वर्षी गणपतीत भावाने घरी नेलं ते, रेशनकार्ड वेगळं झालं तेव्हा. यातल्या निम्म्या खुणांचे कागद तिच्या पत्र्याच्या पेटीत सापडतात. पहिली पक्की तारीख बहुतेक वेळा मुलाच्या जन्मदाखल्यावरूनच मिळते.